बग ‘मायनर’ की ‘क्रिटिकल’?

सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांना बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधील दोष, शोधण्यापेक्षा तो किती गंभीर आहे हे पटवून देणे अधिक जड जाते, असा माझा अनुभव आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आम्ही एका पतसंस्थेसाठी सॉफ्टवेअर तयार करत होतो. मुदत ठेवींची एक्सेलमधील यादी आत घेताना काही तारखांमध्ये दिवस आणि महिना यांची अदलाबदल होत होती. मी बग ‘क्रिटिकल’ (अतिगंभीर) म्हणून नोंदवला आणि डेव्हलपरने तासाभरात तो ‘मायनर’ (किरकोळ) केला, कारण त्याने २५/०८ ही तारीख घालून पाहिली होती आणि ती बरोबर आली होती.

दोन दिवस आम्ही शेऱ्यांमध्ये तेच तेच लिहीत राहिलो. तिसऱ्या दिवशी मी मोजायला बसलो. सॉफ्टवेअर पहिला आकडा महिना समजत असे आणि तो १२ पेक्षा मोठा असला तरच त्याला दिवस मानत असे. त्यामुळे १३ तारखेपासून पुढे सारे ठीक होते, पण त्याआधीच्या तारखांपैकी ०३/०३ सारख्या वगळता महिन्याला ११, म्हणजे वर्षाला १३२ तारखा चुकीच्या नोंदल्या जात होत्या. ५ एप्रिलची ठेव ४ मेची होत होती. एक लाखावर ८ टक्के सरळव्याजाने त्या २९ दिवसांचे सुमारे ६३६ रुपये ठेवीदार गमावणार होता आणि पडद्यावर साधी सूचनाही येत नव्हती. सॉफ्टवेअर बंद पडले असते तर निदान कोणाचा तरी फोन आला असता.

इंटेलच्या पेंटियम चिपमधील भागाकाराच्या दोषावरून १९९४ मध्ये असाच वाद झाला होता. सामान्य माणसाला ही चूक २७,००० वर्षांतून एकदा भेटेल, असे इंटेलचे म्हणणे होते. स्प्रेडशीट सतत वापरणाऱ्याला ती २४ दिवसांतून एकदा भेटू शकते, असे आयबीएमने मांडले. दोष एकच होता, पण दिवसाला भागाकार किती होतात आणि त्यात चूक येण्याची शक्यता किती, याचे अंदाज वेगळे होते. अखेर इंटेलने मागेल त्याला चिप बदलून देण्याचे मान्य केले आणि ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसला.

म्हणून समोरच्याने काय गृहीत धरले आहे ते आधी विचारावे आणि नोंदीत कोणाचे, किती वेळा, काय नुकसान होईल व ते त्याच्या लक्षात येईल का, हे लिहावे. दुरुस्ती कधी करायची हा प्रायॉरिटीचा (प्राधान्याचा) प्रश्न असतो, तो सिव्हिरिटीत, म्हणजे बगच्या गंभीरतेत, मिसळू नये.

ट्रायज मीटिंगमध्ये, म्हणजे बगांची गंभीरता आणि क्रम ठरवण्याच्या बैठकीत, मी केवळ ०५/०४ ची ओळ दाखवली. डेव्हलपरने स्वतःच बग पुन्हा ‘क्रिटिकल’ केला. प्रायॉरिटी मात्र मॅनेजरांनी मध्यम ठेवली, कारण पतसंस्था खरी यादी पुढच्या महिन्याअखेरीस आत घेणार होती, आणि ते मला पटले.