ठासणीच्या बंदुकीची नळी: आधी पाणी, मग तेल

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या पाटण भागात अजून काही घरांत पीक संरक्षणाच्या लायसनवरची ठासणीची बंदूक (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) आहे, रानडुकरं भुईमुगात शिरली की रात्री आवाजाचे एक-दोन बार काढायचे आणि सकाळी बंदूक पुसून कोपऱ्यात. इथंच चूक होते. लोखंडाला पाणी लावायचं म्हटलं की माणसाचा हात धजत नाही, म्हणून नळीत नुसतं तेल सोडतात. आमच्या वडिलांनी पण वर्षानुवर्षं हेच केलं, तेल कधी चुकवलं नाही, तरी नळीच्या बुडाला आतून खड्डे पडले आणि मग ती बंदूक वापरायचीच बंद करावी लागली.

कारण दारूतच आहे. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक, साधारण ७५, १५, १० या मापात. जळाल्यावर तिचा निम्म्याहून जास्त भाग वायू होत नाही, काजळी आणि पोटॅशियमचे क्षार म्हणून राहतो, थोडा धुरातून जातो आणि बाकीचा नळीत चिकटून बसतो. हे क्षार पावसाळ्यात बरणीतलं मीठ जसं पाणी सोडतं तसे हवेतला ओलावा ओढून घेतात, आणि कोयनेकडच्या हवेत तर एका रात्रीत गंज धरायला सुरुवात होते. क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. वरून तेल घातलं की घाण आत तशीच राहते आणि मशीनचं तेल असेल तर डांबरासारखा थर बनतो. म्हणून बार काढलेल्या दिवशीच नळी पाण्यानं धुवायची, उद्यावर टाकायचं नाही.

हात लावायच्या आधी बंदूक भरलेली नाही ना हे बघा, आणि टोपी, म्हणजे घोडा आपटला की फुटून ठिणगी देणारी बारीक डबी, काढून टाका. नळीत ठासायचा गज पार खाली सोडायचा, तोंडाशी बोटानं खूण धरायची, मग गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावून बघायचा, टोक निपलच्या (बुडाजवळची भोकाची तोटी, जिच्यावर टोपी बसते) जागेपर्यंत पोचलं तर नळी रिकामी. अलीकडंच अडलं तर आत भरण आहे असं समजा आणि स्वतः उचकटत बसू नका, लायसनवाल्या बंदूक दुरुस्तीवाल्याला फोन करून विचारा. तोंड लावून नळीत फुंकायचं तर कधीच नाही. दारूचा डबा दुसऱ्या खोलीत, जवळ बिडी-चूल नको, पोरं लांब.

मग नळी लाकडापासून सुटत असेल तर सोडवा, निपल पान्यानं काढा आणि नळीचं बूड कोमट पाण्याच्या बादलीत ठेवा, पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब. उकळतं पाणी मी वापरत नाही, काहीजण वापरतात, पण त्यानं लोखंडावर पटकन तांबूस गंज चढतो. गजाच्या टोकाला जुन्या सुती बनियनचा तुकडा गुंडाळून वरखाली करायचा, निपलच्या भोकातून पाणी आत-बाहेर होतं आणि काळंकुट्ट पाणी, कुजक्या अंड्याच्या वासाचं, बाहेर पडतं. पाणी बदलत राहा, तुकडा जवळपास पांढरा निघेपर्यंत. नळी सुटत नसेल तर ओल्या तुकड्यांनीच काम करा, लाकडात पाणी मुरू देऊ नका. निपल साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशनं घासा, भोक बारीक तांब्याच्या तारेनं मोकळं करा, टोपीवर आपटणाऱ्या घोड्याच्या तोंडातली काजळी पण पुसा.

आता वाळवणं, यात घाई नको. साध्या पाण्यानं धुऊन कोरडे तुकडे फिरवत राहा, शेवटचा कोरडा निघाला तरी नळी अर्धा तास उन्हात ठेवा. आता घाण निघालेली असते, म्हणून मशीनचं तेल चालतं; शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात आतून-बाहेरून, निपलच्या आट्यांना थोडं ग्रीस. करडईचं तेल लावू नका, ते वाळून चिकट होतं. दुसऱ्या दिवशी पांढरा तुकडा परत फिरवा, तांबूस आला तर पुन्हा तेल. बंदूक तोंड खाली करून ठेवली की जादा तेल बुडात साचत नाही. चामड्याच्या कव्हरात तर अजिबात नको, चामडं ओल धरतं. पावसाळ्यात दर आठवड्याला तपासणी.

बार काढायच्या दिवशी उलटं, आधी तेल पूर्ण पुसून काढायचं, नाहीतर दारू भिजते आणि टोपी फुटूनही बार होत नाही. दारू न घालता नुसती टोपी लावून नळीचं तोंड जमिनीवरच्या गवताच्या पात्याकडं धरून फोडा, पातं हललं तर भोक मोकळं आहे. दोन बारांमध्ये एक ओलसर तुकडा आणि एक कोरडा पुरतो. कापडात गुंडाळून गोळी ठासत असाल तर कापडाला मधमाशीचं मेण आणि खोबरेल गरम करून एकत्र केलेलं वंगण चांगलं, काजळी मऊ राहते. थंडीत खोबरेल गोठतं, म्हणून तेव्हा मेण कमी करा. मीठ असलेलं काहीही, खारं लोणी वगैरे, चालणार नाही.

निवडणुकीत बंदूक जमा करायला सांगतात, त्याच्या आदल्या दिवशी नेहमीपेक्षा जाड तेल लावा, कारण ती किती दिवस तशीच राहील सांगता येत नाही, आणि घरी आली की त्याच दिवशी उघडून बघा. खंडेनवमीला पूजा झाल्यावर नळीवरचं ओलं हळदी-कुंकू पण रात्री पुसून टाका, त्या बोटांखाली मी गंजाचे ठिपके बघितलेत.