बंदराच्या पुरस्कारासाठी अर्ज करताय? या चुका टाळा

बंदरांचे पुरस्कार साधारण तीन गोष्टींसाठी दिले जातात: व्यवसाय, पर्यावरण आणि आजूबाजूचा समाज. युरोपातल्या बंदर संघटनेने 2009 साली सुरू केलेला पुरस्कार तर मुळात बंदर आणि त्याच्या शेजारची वस्ती यांच्या नात्यासाठी आहे. पहिल्या वर्षी तो स्पेनच्या खिखॉन बंदराला मिळाला. उरणजवळच्या न्हावा शेवा बंदर परिसरातल्या सीएफएस (कंटेनर भरायचं-रिकामं करायचं गोदाम), ट्रान्स्पोर्ट किंवा टर्मिनल कंपनीने असा अर्ज भरायला घेतला, की पुढच्या चुका हमखास होतात.

कायद्याने करावंच लागतं, ते कर्तृत्व म्हणून लिहिणं

ही सगळ्यात मोठी चूक. ‘आमची जहाजं कमी गंधकाचं इंधन वापरतात.’ अहो, 1 जानेवारी 2020पासून जगभर 0.50 टक्क्यांची मर्यादाच आहे. धूर धुणारं यंत्र बसवलं नसेल तर दुसरा पर्याय कुठे आहे? ‘आमचे नवे ट्रेलर बीएस-6 आहेत.’ वाहनांच्या धुराचं हे मानक सक्तीचंच आहे, एप्रिल 2020नंतर दुसरे मिळणार कुठून? सीएसआरचे म्हणजे सामाजिक कामावर खर्चायचे नफ्याचे दोन टक्के, पर्यावरण मंजुरीच्या अटीत सांगितलेली कांदळवनाची लागवड, सगळं याच खात्यात जातं. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा: हे केलं नसतं तर नोटीस आली असती का? उत्तर ‘हो’ असेल तर ते वाक्य काढा. कधीकधी चार पानांचा अर्ज अर्ध्या पानावर येतो. येऊ द्या. त्या अर्ध्या पानात खरंच जास्तीचं काही असेल, तर तेच वर घ्या. उदाहरणार्थ, केंद्राच्या 2023च्या ‘हरित सागर’ मार्गदर्शक तत्त्वांत दर टन मालामागे कार्बन उत्सर्जन 2030पर्यंत 30 टक्क्यांनी घटवायचं आहे. तुम्ही तिथे आजच पोचला असाल तर ती पहिली ओळ व्हायला हवी.

आकडे आहेत, पण भागाकार नाही

जेएनपीएची, म्हणजे न्हावा शेवाच्या बंदराची, कंटेनर वाहतूक 2023-24मध्ये सुमारे 64 लाख टीईयू (वीस फुटी कंटेनर म्हणजे एक टीईयू) होती, 2024-25मध्ये ती 73 लाखांवर गेली. बंदर असं वाढत असताना तुमच्या यार्डातलं डिझेलही वाढणार. मग लोक घाबरून एकूण आकडा लपवतात, किंवा नुसताच टाकतात आणि गुण घालवतात. समजा, गेल्या वर्षी 50 हजार टीईयूला 4 लाख लिटर लागलं आणि यंदा 60 हजारांना 4 लाख 20 हजार. म्हणजे दर टीईयूला 8 लिटरवरून 7 लिटर. दोन्ही गोष्टी लिहा: एकूण वापर वाढला, दर टीईयूचा घटला. एक लिटर डिझेल जळलं की साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड, हा हिशेबही शेजारीच मांडा.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात अनुभवी माणसंही पडतात. गेल्या वर्षीचा आकडा ऑपरेशन्सने ‘बॉक्स’मध्ये दिलेला असतो आणि यंदाचा बिलिंगने ‘टीईयू’मध्ये. चाळीस फुटी कंटेनर म्हणजे एक बॉक्स, पण दोन टीईयू. त्यामुळे बहुतेक कंटेनर चाळीस फुटी असतील तर काहीही न करता दर नगाचं डिझेल जवळपास निम्म्यावर आलेलं दिसतं! परीक्षकांत बंदरातला एक जरी माणूस असला तरी तो हे पाच मिनिटांत पकडतो, आणि मग बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही त्याचा विश्वास बसत नाही. तुलनेसाठी 2020-21 हे वर्षही घेऊ नका, कोविडमुळे ते कशाशीच जुळत नाही.

विजेवर चालणाऱ्या क्रेनला आणि ट्रकला ‘शून्य प्रदूषण’ म्हणणं तसंच. धूर यार्डात निघत नाही एवढंच. आपल्या ग्रिडची वीज अजून बरीचशी कोळशाची आहे. सौर वीज घेत असाल तर किती टक्के, ते सांगा.

समाजाच्या रकान्यात दप्तरवाटप

उरणमध्ये हा रकाना भरताना जपून. इथल्या गावांनी जमिनी दिल्यात, त्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडांसाठी वर्षानुवर्षं खेटे घातलेत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2015मध्ये इथल्या 1,630 मच्छीमार कुटुंबांना 95 कोटींहून जास्त भरपाई द्यायचा आदेश दिला होता. या पार्श्वभूमीवर दप्तरं वाटतानाचा फोटो फारच केविलवाणा दिसतो. किती मुलांना दप्तरं दिली यापेक्षा आसपासच्या गावांतली किती मुलं तुमच्याकडे कायम नोकरीत आहेत, आणि त्यातली किती हेल्परच्या वर गेली, हे लिहा. आकडा लहान असला तरी चालेल.

शिफारसपत्रांचं तर विचारूच नका. ग्रामपंचायत, मच्छीमार सोसायटी आणि शाळा, तीन वेगळी लेटरहेड. आत मजकूर एकच, आणि ‘सामाजिक बांधीलकी’मधली शुद्धलेखनाची चूकही तिन्हीकडे तीच. पत्र त्यांना लिहू द्या, मराठीत, हाताने लिहिलं तरी चालेल. सोबत इंग्रजी भाषांतर जोडा. त्यांनी एखादी तक्रार लिहिली असेल तर ती खोडायला लावू नका. तक्रार आली, मग आम्ही अमुक केलं, हा क्रम कौतुकाच्या तीन पत्रांपेक्षा भारी पडतो.

व्यवसायाचा रकाना

इथे थोडक्यात आटपा. उलाढाल वाढली हे नेतृत्व नव्हे. गेटवर ट्रेलर किती तास अडकायचा आणि आता किती, आयातीचा कंटेनर यार्डात किती दिवस पडून राहायचा आणि आता किती, एवढं पुरे. आणि तोच मजकूर पर्यावरणाच्या रकान्यात पुन्हा चिकटवू नका. एक प्रकल्प, एक विभाग.

नोटीस लपवणं

प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस, यार्डातला अपघात, चालू असलेला खटला यांतलं काही असेल तर स्वतःहून सांगा. हे शोधायला परीक्षकाला फार वेळ लागत नाही, आणि स्थानिक वर्तमानपत्रात आलेलं असेल तर मुळीच नाही. नोटीस कशाची, उत्तर कधी दिलं, सुधारणा काय केली, अशा चार ओळी लिहा आणि अर्ज पाठवण्याआधी त्या कंपनीच्या वकिलाच्या नजरेखालून घाला. त्यासाठी मुदतीच्या आधीचा आठवडा मोकळा ठेवा. शेवटच्या संध्याकाळी वकील सापडत नाहीत.