विज्ञानकथेतला निवेदक खोटा का वाटतो? या चुका टाळा

नवीन पोरांच्या विज्ञानकथा वाचायला येतात माझ्याकडं, आणि पहिल्याच पानावर तेच. दहा वर्षं चंद्रावर काम करणारा माणूस सांगत बसतो की इथलं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश आहे. अरे पण कुणाला सांगतोय तो? कोल्हापूरच्या उद्यमनगरातला लेथवाला कधी लेथ म्हणजे काय ते सांगतो का, तो म्हणतो "जॉब बांध, अजून दोन थाऊ काढायचेत", बास. थाऊ म्हणजे काय हे माहीत नसलं तरी माणूस खरा आहे हे लगेच कळतं.

ही चूक मी पण केलीय. चंद्रावरच्या फाउंड्रीची कथा होती, निवेदक तिथला सुपरवायझर आणि त्याच्या तोंडी "द्रवरूप लोह साच्यात ओतण्यात आले". मामांना वाचून दाखवली, त्यांचं आयुष्य मोल्डिंगमध्ये गेलेलं. म्हणाले, "असं कोण बोलतंय रं? हीट काढली म्हण की." मग जरा थांबून विचारलं, "वाळूत ओल किती ठेवलीस?" मला उत्तरच सुचंना. ग्रीन सँडला, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूला, साधारण ३-४ टक्के पाणी लागतं, त्याशिवाय त्यातली बेंटोनाइट माती वाळूला धरत नाही, आणि चंद्रावर हवाच नाही म्हटल्यावर ते पाणी उडून जाणार, साचा ढासळणार. अख्खी कथा परत लिहिली. आता ती "आजची पण हीट वाया गेली, वाळू धरतच नाही" अशी सुरू होते, आणि हवा नाही हे वाचणाऱ्याला आपोआप उमगतं.

२० जुलै १९६९ ला अपोलो ११ उतरत असताना कॉम्प्युटरनं १२०२ असा अलार्म दिला. आर्मस्ट्राँगनं नुसता आकडा सांगून त्याचा अर्थ ह्यूस्टनला विचारला, तिकडून पुढं जा आलं, कुणी लेक्चर दिलं नाही. कॉम्प्युटरवर कामाचा लोड जास्त झाला होता हे आपल्याला नंतर कळतं, पण भीती त्या आकड्यातच बसलेली असते.

मी काही नारळीकर नाही, असं बरेचजण म्हणतात. नारळीकर आपल्या कोल्हापुरातच जन्मले, पण त्यांच्याएवढं खगोलशास्त्र कोण मागतंय? दोन तास एखाद्या वर्कशॉपमध्ये गप्प बसा आणि नावं नको, क्रियापदं लिहून घ्या. हीट काढणं, जॉब बांधणं, टूल घासणं. माझी तर वहीच आहे त्याची. नेटवरनं शब्दांची यादी उचलून कथेत पेरायची घाई मला अजिबात पटत नाही, तसला शब्द लगेच उघडा पडतो.

बाकी, "प्रतिद्रव्य प्रणोदक यंत्रणा" असं रोज कुणी म्हणणार नाही, तिथली माणसं त्याचं दोन अक्षरी नाव पाडणारच. आणि मंगळावरनं आईशी फोनवर भांडण लावू नका, आवाज एका बाजूला पोचायलाच ३ ते २२ मिनिटं लागतात, भांडायचंच असेल तर आधी सगळं बोलून टाकून वाट बघत बसणारा माणूस लिहा.