डेंग्यूच्या प्रदेशात जाताना: लसीचा निर्णय कसा घ्यावा आणि बाकीची तयारी कशी करावी

डेंग्यूबद्दल प्रवासी विचार करतात तो बहुधा निघण्याच्या आदल्या आठवड्यात, बॅगेत डासांचं मलम टाकताना. तोवर लसीची वेळ टळलेली असते. मलम रात्री झोपताना लावायचं असं डोक्यात असतं, आणि हा डास तर दिवसा चावतो. ताप आला तर तो उतरला की सुटलो असं वाटतं, पण खरं लक्ष ठेवायची वेळ तिथूनच सुरू होते. म्हणून या लेखातल्या पायऱ्या कॅलेंडर आणि घड्याळ समोर ठेवून सांगितल्या आहेत.

पायरी १: चार महिने आधी ठिकाण तपासा

आग्नेय आणि दक्षिण आशिया, लॅटिन अमेरिका, कॅरिबियन बेटं, आफ्रिकेचा मोठा भाग आणि प्रशांत महासागरातली बेटं इथे डेंग्यू आहेच. २०२४ साली जगभरात १ कोटी ४० लाखांहून जास्त रुग्णांची नोंद झाली. तोवर एका वर्षात इतके रुग्ण कधी नोंदले गेले नव्हते. श्रीमंत, चकचकीत शहर म्हणून निर्धास्त राहू नका. सिंगापूरसारख्या शिस्तीच्या शहरातही डेंग्यू ठाण मांडून आहे, आणि फ्रान्स-इटलीत उन्हाळ्यात स्थानिक लागण होऊ लागली आहे. ‘एडिस इजिप्ती’ हा याचा मुख्य डास माणसाच्या वस्तीतला. कुंडीखालची बशी, जुना टायर, उघडी टाकी एवढं साठलेलं पाणी त्याला पुरतं. जंगलात न जाता नुसत्या शहरात राहणाऱ्यालाही धोका असतो तो यामुळे. उंचावर मात्र तो कमी होत जातो. साधारण २००० मीटरच्या वर क्वचितच सापडतो.

जाणार त्या महिन्यात तिथे पाऊस असतो का, सध्या साथ सुरू आहे का, हे त्या देशाच्या आरोग्य खात्याच्या सूचनांत पाहा. मुक्काम किती दिवसांचा, हेही मोजा. चार दिवसांची बैठक आणि चार महिन्यांचं वास्तव्य यांत लसीचा हिशेब पार बदलतो.

पायरी २: लसीआधी एका प्रश्नाचं उत्तर शोधा

प्रश्न असा: तुम्हाला आधी कधी डेंग्यू झाला होता का?

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकाची लागण झाली की त्या प्रकारापासून बहुधा आयुष्यभर संरक्षण मिळतं. उरलेल्या तिघांपासून मात्र थोडेच महिने. पुढे दुसऱ्या प्रकाराची लागण झाली, तर जुनी प्रतिपिंडं (आधीच्या लागणीत विषाणूशी लढायला रक्तात तयार झालेली प्रथिनं) नव्या विषाणूला चिकटतात पण त्याला निकामी करू शकत नाहीत. उलट त्याला पेशींत शिरायला मदत करतात. म्हणून दुसऱ्या खेपेचा डेंग्यू गंभीर होण्याची शक्यता जास्त.

लसीची सगळी अडचण इथेच आहे. सनोफी कंपनीच्या डेंगव्हॅक्सिया या पहिल्या लसीला २०१५ च्या डिसेंबरात मेक्सिकोत परवानगी मिळाली. २०१६ साली फिलिपीन्समध्ये शाळकरी मुलांना ती मोठ्या प्रमाणावर देण्यात आली. नंतर असं दिसलं की ज्यांना आधी कधीच डेंग्यू झाला नव्हता, त्यांच्यात लस पहिल्या लागणीसारखी वागते आणि पुढची खरी लागण जास्त गंभीर होऊ शकते. २०१७ च्या अखेरीस ती मोहीम थांबली. लोकांच्या मनात जी भीती बसली, ती डेंग्यूच्या लसीपुरती राहिली नाही. इतर लसींवरचा विश्वासही डळमळला.

आज प्रवाशांच्या संदर्भात नाव निघतं ते बहुतेक ताकेदा कंपनीच्या क्यूडेंगाचं. युरोपीय संघाने तिला डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली. जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मे २०२४ मध्ये मिळाली. युरोपात ती ४ वर्षांवरील वयासाठी आहे. डोस दोन, मध्ये तीन महिन्यांचं अंतर. चाचण्यांत दुसऱ्या डोसनंतरच्या वर्षभरात डेंग्यूपासून सुमारे ८० टक्के संरक्षण दिसलं, आणि दीड वर्षाच्या टप्प्यावर रुग्णालयात दाखल व्हावं लागण्यापासून सुमारे ९० टक्के. साडेचार वर्षांपर्यंत हे आकडे अनुक्रमे सुमारे ६१ आणि ८४ टक्क्यांवर आले.

आकडे चांगलेच आहेत, पण ते कुणाचे हेही पाहायला हवं. ही मुख्य चाचणी डेंग्यूच्या प्रदेशातच राहणाऱ्या ४ ते १६ वयाच्या मुलांवर झाली. शिवाय ज्यांना आधी डेंग्यू झाला नव्हता, त्यांच्यात तिसऱ्या प्रकाराविरुद्ध संरक्षण दिसलं नाही आणि चौथ्याबद्दल ठामपणे बोलण्याइतके रुग्णच मिळाले नाहीत. म्हणूनच ब्रिटन आणि जर्मनीच्या लसीकरण समित्यांनी प्रवाशांपैकी आधी डेंग्यू झालेल्यांनाच ही लस सुचवली आहे. काही देश याबाबत जास्त मोकळे आहेत, काहींत ती मिळतच नाही. माझं मत विचाराल तर आधी डेंग्यू झाला असेल आणि पुन्हा तशा भागात जायचं असेल, तर लसीचा विचार आवर्जून करावा. कधीच झाला नसेल आणि आठवडाभराची सहल असेल, तर लसीसाठी धावपळ करण्यापेक्षा खालच्या पायऱ्यांवर जोर द्यावा. दीर्घ मुक्काम किंवा वारंवार जाणं असेल, तर प्रवास-आरोग्याच्या डॉक्टरांशी सविस्तर बोला.

त्यांच्याकडे जाताना जुना रिपोर्ट घेऊन जा. ‘तेव्हा प्लेटलेट कमी झाल्या होत्या’ एवढ्यावरून डेंग्यू सिद्ध होत नाही. रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणीही कधी फसवते, कारण झिका किंवा पीतज्वर हे याच विषाणूचे भाऊबंद आहेत आणि पीतज्वराची लस घेतलेल्याची चाचणीही सकारात्मक येऊ शकते.

क्यूडेंगामध्ये दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो. त्यामुळे गरोदर आणि स्तनदा स्त्रियांना, तसंच आजारामुळे वा औषधांमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना ती देत नाहीत. लस घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळायची असते. दोन्ही डोस निघण्याआधी पूर्ण व्हायला हवेत, म्हणून सुरुवातीला चार महिने म्हटलं.

पायरी ३: बॅगेत काय ठेवायचं

डास दूर ठेवणारं मलम किंवा स्प्रे निवडताना जाहिरात सोडा, मागचं लेबल वाचा. डीट २० ते ५० टक्के किंवा पिकारिडिन २० टक्के असेल तर बरेच तास भागतं. ‘नैसर्गिक’ लिहिलेली सुगंधी तेलं थोड्याच वेळात उडून जातात. त्याला एक अपवाद आहे: लेमन युकॅलिप्टसपासून काढलेलं पीएमडी हे प्रमाणित द्रव्य खरंच उपयोगी आहे, मात्र ते तीन वर्षांखालच्या मुलांना लावत नाहीत. दोन महिन्यांखालच्या बाळाला कुठलंच मलम नको. त्याच्या गाडीवर घट्ट बसणारी जाळी टाका. डीटने घड्याळाचं प्लास्टिक, चष्म्याची फ्रेम आणि काही कृत्रिम कापडं खराब होतात, तेवढं सांभाळा.

सैलसर, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पायमोजे घ्या. कपड्यांवर पर्मेथ्रिन या कीटकनाशकाची फवारणी करता येते आणि ती बऱ्याच धुण्यांपर्यंत टिकते. हे औषध कापडासाठी आहे, त्वचेवर लावायचं नाही. सोबत थर्मामीटर, पॅरासिटामॉल आणि ओआरएसची पाकिटं असू द्या.

पायरी ४: तिथे पोचल्यावर

डेंग्यूचा डास दिवसभर चावतो. सकाळी उजाडल्यानंतरचे काही तास आणि सूर्यास्ताआधीचे काही तास त्याचा जोर असतो. तेव्हा मलम सकाळी बाहेर पडतानाच लावा. आधी सनस्क्रीन, ते मुरलं की त्यावर मलम. घाम आला किंवा पोहून आलात, तर पुन्हा लावा. घोटे, पोटऱ्या, कोपरांची मागची बाजू या जागा हमखास राहून जातात आणि हा डास खालीच घोटाळतो. खोली वातानुकूलित किंवा जाळ्यांची घ्या. तशी नसेल तर दुपारच्या डुलकीलाही मच्छरदाणी लावा. खोलीत फुलदाणी, बादली, गॅलरीतली कुंडी यांत पाणी दिसलं तर ओतून द्या; अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दीड आठवडा पुरतो.

पायरी ५: ताप आलाच तर

चावल्यापासून साधारण ४ ते १० दिवसांनी लक्षणं दिसतात. एकदम चढलेला ताप, डोळ्यांच्या मागे ठणका, अंग आणि सांधे मोडून येणं, मळमळ, पुरळ. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या मात्रेतच. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळा. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. अंगदुखीवर नेहमीची गोळी म्हणून लोक नेमकी हीच घेतात. मलेरियाच्या प्रदेशात असाल तर त्याची चाचणीही त्याच दिवशी करून घ्या.

रक्तात विषाणूचंच प्रथिन शोधणारी डेंग्यूची एनएस-१ चाचणी तापाच्या पहिल्या काही दिवसांत उपयोगी पडते. पाचव्या दिवसाच्या सुमारास आयजीएम प्रतिपिंडांची. ताप सुरू झाला तो दिवस लिहून ठेवा, डॉक्टर सगळा हिशेब त्यावरूनच करतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी उतरतो, आणि त्यानंतरचे २४ ते ४८ तास जोखमीचे. काही रुग्णांत याच वेळी रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो आणि रक्तदाब कोसळू शकतो. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, काळी शौच, धाप लागणं, हातपाय गार पडणं, विलक्षण गळून जाणं किंवा बेचैनी, यांपैकी एकही दिसलं तर थेट रुग्णालय गाठा. घरचे सगळे प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसतात, पण रक्त दाट होत चाललंय का ते सांगणारं हिमॅटोक्रिट डॉक्टरांच्या लेखी तितकंच महत्त्वाचं असतं. या दोन दिवसांत विमान पकडून घरी परतण्याचा हट्ट धरू नका.

पायरी ६: परतल्यावर

घरी आल्यावर दोन आठवड्यांत ताप आला, तर कुठे आणि कोणत्या तारखांना होतात हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. या काळात, आणि ताप असताना तर नक्कीच, डासांपासून जपून राहा: तुम्हाला चावलेला डास पुढे घरच्यांना लागण देऊ शकतो. रक्तदान करायचं असेल तर रक्तपेढीला प्रवासाची कल्पना द्या. किती दिवस थांबायचं ते त्या सांगतील. डेंग्यू झालाच असेल तर थकवा काही आठवडे रेंगाळतो, तेव्हा कामावरची रजा ताप उतरेल त्या दिवसापर्यंतचीच मागू नका.