नवरा पोर्तुगीज, बायको भारतीय: युरोपात एकत्र फिरायचं तर व्हिसाचं काय करावं?

नवऱ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आणि बायकोकडे भारतीय, असं घर गोव्यात शोधायला लांब जावं लागत नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनमध्ये जन्मनोंदणी करून पोर्तुगीज नागरिक होता येतं. भारतात दुहेरी नागरिकत्व चालत नाही, म्हणून पुष्कळ घरांत ते एकटाच घेतो. पुढे दोघांनी पॅरिसला जायचं ठरवलं की बायको सगळ्यांसारखाच टुरिस्ट व्हिसाचा अर्ज भरते. ९० युरो फी, बँकेचं स्टेटमेंट, आयटी रिटर्न, विमा, हॉटेलचं बुकिंग, नोकरीचं पत्र, सगळं गोळा करते. यातलं बहुतेक तिला कायद्याने लागतच नाही, आणि हे तिला कुणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

युरोपीय संघाचा २००४/३८ क्रमांकाचा डायरेक्टिव्ह, म्हणजे सगळ्या सदस्य देशांना बांधणारा कायदा, इथे कामाला येतो. हा आकडा लिहून ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी तोच सांगायचा आहे. आयरिश, जर्मन किंवा इटालियन नागरिकाशी लग्न झालेल्या भारतीय व्यक्तीलाही तो तसाच लागू आहे.

पायरी १: नियम आपल्याला लागू होतो का, ते आधी पाहा

कसोटी एकच आहे. युरोपीय जोडीदार स्वतःच्या देशाबाहेर, संघातल्या दुसऱ्या देशात जात असला किंवा राहत असला पाहिजे, आणि तुम्ही त्याच्यासोबत जात असाल किंवा त्याच्याकडे पोहोचत असाल. पोर्तुगीज नवऱ्यासोबत फ्रान्सला जायचं असेल तर नियम लागू. त्याच्यासोबत थेट पोर्तुगालला जायचं असेल तर नाही, कारण तो त्याचाच देश. तिथे पोर्तुगालचे स्वतःचे नियम चालतात. याला एक अपवाद आहे. जोडपं दुसऱ्या सदस्य देशात खरोखर राहून मग जोडीदाराच्या मायदेशी परतत असेल, तर संघाच्या कायद्याचं संरक्षण सोबत येतं. १९९२ मध्ये सुरिंदर सिंग या भारतीय नागरिकाच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने हे ठरवलं. त्यांची पत्नी ब्रिटिश होती आणि दोघं जर्मनीत नोकरी करून ब्रिटनला परतले होते.

लग्न मात्र कायदेशीर हवं. समलिंगी विवाहही यात धरला जातो, हे २०१८ च्या कोमान खटल्यापासून स्पष्ट आहे. नुसतं एकत्र राहणाऱ्यांना हा हक्क आपोआप मिळत नाही.

आणि ब्रिटन यातून पूर्ण बाहेर आहे. लंडन, स्विंडन, लेस्टर इथे आपली किती तरी गोंयकार कुटुंबं आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो: ब्रिटनने दिलेल्या रहिवासी कार्डावर आता युरोपात व्हिसामाफी मिळत नाही. तिथून पॅरिसला यायचं तर पायरी ३ वाचा.

पायरी २: हातातलं कार्ड नीट वाचा

घोळ सर्वात जास्त इथेच होतो. डायरेक्टिव्हच्या १० व्या कलमाखाली सदस्य देश युरोपीय नागरिकाच्या कुटुंबीयाला रेसिडन्स कार्ड देतात, आणि पाच वर्षं राहिल्यावर २० व्या कलमाखाली कायमचं कार्ड. यापैकी एक कार्ड हाती असेल आणि जोडीदार सोबत असेल, तर संघातल्या दुसऱ्या देशात जायला व्हिसा लागतच नाही. ऑगस्ट २०२१ पासूनच्या कार्डांवर ‘फॅमिली मेंबर ईयू’ आणि त्यापुढे कलमाचा क्रमांक छापलेला असतो. ही ओळ शोधा.

आयर्लंडचं उदाहरण घ्या, कारण तो देश संघात आहे पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. डब्लिनमध्ये राहणाऱ्या पोर्तुगीज नागरिकाच्या भारतीय बायकोला ‘स्टॅम्प ४ ईयू फॅम’ असं कार्ड मिळतं. ते दाखवून ती नवऱ्यासोबत व्हिसाशिवाय रोमला जाऊ शकते. शेजारच्या घरात नवरा आयरिश आहे आणि बायकोकडे नुसतं ‘स्टॅम्प ४’ आहे. तिचं कार्ड आयर्लंडच्या स्वतःच्या कायद्याखाली दिलेलं, त्यामुळे तिला रोमसाठी व्हिसा घ्यावाच लागेल. अर्थात तोही फुकट, कारण आयरिश नवऱ्यासाठी इटली परदेशच आहे.

आयरिश कार्डावरची ही माफी जोडीदाराबरोबरच्या प्रवासापुरती आहे. ती बायको मैत्रिणींबरोबर बार्सिलोनाला निघाली तर तिला साधा व्हिसा लागेल. कार्ड जर्मनी, स्पेन अशा शेंगेन देशाचं असेल तर गोष्ट वेगळी: मग एकट्यानेही इतर शेंगेन देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं.

पायरी ३: कार्ड नसेल तर व्हिसा, पण योग्य वर्गात

गोवा किंवा पुण्याहून निघणाऱ्या बहुतेकांची वाट हीच. अर्ज जिथे सर्वात जास्त राहणार त्या देशाकडे करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून तो देता येतो. शेंगेनचा छापील फॉर्म सगळ्यांना सारखाच आहे. त्यात १७ व्या रकान्यात युरोपीय जोडीदाराची माहिती आणि १८ व्या रकान्यात नातं भरा. २१, २२, ३०, ३१ आणि ३२ या रकान्यांवर चांदणी आहे. नोकरी, मालक, निमंत्रण देणारे किंवा हॉटेल, खर्च कोण करणार, हे प्रश्न तुमच्यासाठी नाहीत. ते कोरे ठेवा.

कागद तीन गोष्टी सिद्ध करणारे हवेत: जोडीदाराचं नागरिकत्व, तुमचं लग्न आणि प्रवास सोबतीने होतोय हे. पहिल्यासाठी त्याच्या पासपोर्टची प्रत. तिसऱ्यासाठी दोघांच्या नावाचं तिकीट-आरक्षण, किंवा तो आधीच तिथे असेल तर त्याच्या राहण्याचा पुरावा आणि ‘पत्नी माझ्याकडे येत आहे’ असं त्याचं सही केलेलं पत्र. दुसऱ्यासाठी नोंदणीचा दाखला. लग्नपत्रिका, फोटो, देवळाची किंवा चर्चची पावती यांवर भिस्त ठेवू नका. गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही झाली पण दुसरी राहिली असेल तर लग्न पुरं नोंदलेलं नसतं. आधी ते उरका. महाराष्ट्रात विवाहनोंदणीच्या १९९८ च्या कायद्याखाली मिळालेला दाखला चालतो. दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात तो ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणीकरण, करून घ्या. त्याला वेळ लागतो, म्हणून तिकिटाच्या आधी ते काम हाती घ्या.

व्हिसाची फी शून्य. अर्ज थेट वकिलातीत देण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि तिथे कसलाही आकार घेता येत नाही. सोयीसाठी व्हीएफएससारख्या, वकिलातींच्या वतीने अर्ज घेणाऱ्या खासगी केंद्रात गेलात तर त्यांचा सेवाशुल्क भरावा लागतो, ती निवड तुमची. काउंटरवर ‘टुरिस्ट’ न म्हणता ‘युरोपीय नागरिकाची कुटुंबीय, डायरेक्टिव्ह २००४/३८’ असं म्हणा. बँक स्टेटमेंट किंवा विमा मागितला तर हा आकडा पुन्हा सांगा आणि एका पानाच्या अर्जात तो लिहूनही द्या. असे अर्ज लवकर निकाली काढावेत, असं डायरेक्टिव्हच सांगतो.

प्रवासात विमा मला तरी घ्यावासा वाटतो, पण तो आपल्या काळजीपोटी. व्हिसाची अट म्हणून नाही.

वाटेत फक्त विमान बदलायचं असेल, तर भारतीय पासपोर्टवर काही देश विमानतळावरच्या ट्रान्झिटसाठीही व्हिसा मागतात. युरोपीय नागरिकाच्या कुटुंबीयांना त्यातून सूट आहे. लग्नाचा दाखला मात्र हाताच्या बॅगेत ठेवा.

पायरी ४: विमानतळावर

अडवणूक झालीच तर बहुधा चेक-इन काउंटरवर होते. कागद नसलेला प्रवासी नेला तर कंपनीला दंड होतो, त्यामुळे कर्मचारी घाबरलेले असतात. लवकर पोहोचा, दोघांनी एकत्र उभं राहा, कार्ड, दोन्ही पासपोर्ट आणि दाखला एकदम पुढे ठेवा. तरी ऐकलं नाही तर ड्यूटी मॅनेजरला बोलवायला सांगा. बुडापेस्टला आलेल्या एका युक्रेनियन प्रवाशाकडे ब्रिटनचं कायमचं कार्ड होतं, ब्रिटन तेव्हा संघात होतं. व्हिसा नाही म्हणून हंगेरीने रायनएअरला ३,००० युरो दंड केला. २०२० मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की कायमचं कार्ड असलेल्यालाही व्हिसा लागत नाही, आणि कार्ड हाच नात्याचा पुरेसा पुरावा आहे.

सीमेवर व्हिसा किंवा कागद कमी पडला तरी अधिकाऱ्याने लगेच परत पाठवायचं नसतं. ते मिळवायला किंवा दुसऱ्या मार्गाने नातं सिद्ध करायला वाजवी संधी द्यावी, असं डायरेक्टिव्हचं पाचवं कलम म्हणतं. या कलमाच्या भरवशावर विमानात मात्र बसू नका. कंपनी तुम्हाला तिथवर नेणारच नाही.

नकार आला तर

कारण लेखी मागा. नातं सिद्ध न होणं, लग्न केवळ कागदोपत्री असणं, किंवा सार्वजनिक सुव्यवस्था, सुरक्षा वा आरोग्याला धोका, एवढीच कारणं चालतात. ‘परत जाण्याची खात्री वाटत नाही’ किंवा ‘पुरेसे पैसे दिसत नाहीत’ ही कारणं तुमच्या वर्गाला लागू नाहीत. अपिलाची मुदत आणि ठिकाण नकाराच्या पत्रातच दिलेलं असतं, ती मुदत चुकवू नका. सोबत सॉल्व्हिट या युरोपीय सेवेकडे ऑनलाइन तक्रार करा. ती फुकट आहे आणि संबंधित देशाच्या सरकारी खात्याशी ते स्वतः बोलतात. त्या तक्रारीने अपिलाची मुदत थांबत नाही, म्हणून दोन्ही कामं एकाच आठवड्यात करा.