मेख कोणत्या शब्दात आहे? थक्क करणारी माहिती पारखण्याची आणि सांगण्याची रीत

आषाढी एकादशीला समोर आलेल्या साबुदाण्याच्या खिचडीकडे पाहून मी एकदा आत्याच्या घरी मोठ्या ऐटीत सांगितले की, उपवासाचे सगळे पदार्थ मुळात अमेरिका खंडातले आहेत. पंगतीत हवा तसा परिणाम झाला, दोघांचे घास हातातच राहिले. आत्याने मात्र शांतपणे विचारले, "मग वरी कुठली रे?" माझ्याकडे उत्तर नव्हते. माहिती बरीचशी खरी होती, पण मी तिच्यात "सगळे" हा शब्द घुसडला होता आणि नेमका तोच टिकला नाही. तेव्हापासून अशी कोणतीही गोष्ट पुढे सांगण्यापूर्वी मी तिची एका ठराविक रीतीने तपासणी करतो. ती रीत येथे मांडत आहे.

थक्क करणाऱ्या बहुतेक वाक्यांत सारे आश्चर्य एखाद्याच शब्दावर उभे असते. मेख त्या शब्दात असते. म्हणून पहिले काम म्हणजे वाक्य कागदावर लिहून काढावे आणि त्यातील एकेक शब्द झाकून पाहावा. जो शब्द झाकल्यावर नवल संपते, तोच तपासायचा शब्द होय. हे वाचायला किरकोळ वाटते, परंतु ऐकीव वाक्य लिहून काढण्यातच निम्मी तपासणी होऊन जाते, कारण बोलताना जो शब्द सहज खपून जातो तो लिहिताना टोचतो.

"शुक्रावरचा एक दिवस तेथील एका वर्षापेक्षा मोठा असतो" हे वाक्य घेऊ. येथील मेख "दिवस" या शब्दात आहे. शुक्राला स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करण्यास पृथ्वीवरील सुमारे २४३ दिवस लागतात आणि सूर्याभोवतीची प्रदक्षिणा तो सुमारे २२५ दिवसांत पूर्ण करतो. एवढ्या अर्थाने वाक्य बरोबर आहे. परंतु आपण रोजच्या बोलण्यात दिवस म्हणतो तो एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंतचा काळ, आणि तो स्वतःभोवतीच्या फेरीइतकाच असतो असे नाही. पृथ्वीवर हा फरक अवघ्या चार मिनिटांचा आहे: तिची फेरी २३ तास ५६ मिनिटांत होते आणि दिवस मात्र २४ तासांचा भरतो. शुक्र इतर बहुतेक ग्रहांच्या उलट दिशेने आणि अत्यंत संथपणे फिरत असल्यामुळे तेथे हा फरक प्रचंड होतो, आणि दोन सूर्योदयांमधील अंतर सुमारे ११७ दिवसच राहते. म्हणजे शुक्राच्या एका वर्षात सूर्य जवळजवळ दोनदा उगवतो, आणि तोही पश्चिमेकडून. माझ्या मते ही दुरुस्त केलेली माहिती मूळ वाक्यापेक्षा अधिक विलक्षण आहे. तपासणीने मजा जाते, ही तक्रार मला म्हणूनच फारशी पटत नाही.

"पहिला" हा शब्द दिसला की विशेष सावध व्हावे. भारतातील पहिला चित्रपट कोणता, या प्रश्नाला दादासाहेब फाळके यांचा "राजा हरिश्चंद्र" हे उत्तर आपल्या तोंडी बसलेले आहे. तो ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. परंतु त्याच्या जवळजवळ एक वर्ष आधी, १८ मे १९१२ रोजी, त्याच कोरोनेशनमध्ये दादासाहेब तोरणे यांचा "श्री पुंडलिक" दाखवला गेला होता. तो मुख्यतः रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होता, त्याचा कॅमेरा एका इंग्रजाने चालवला होता आणि त्याच्या फिल्मवरील प्रक्रिया लंडनला झाली होती, या कारणांमुळे पहिलेपणाचा मान फाळक्यांकडे जातो. येथे कोणाची बाजू घ्यावी हा वेगळा वाद आहे; सांगणाऱ्याने एवढेच करावे की "पहिला" म्हणजे नेमका कशातला पहिला, हे वाक्यातच सांगून टाकावे. बोरीबंदर ते ठाणे या १६ एप्रिल १८५३ च्या गाडीलाही "भारतातील पहिली प्रवासी आगगाडी" म्हणावे, कारण मद्रासमध्ये दगड वाहून नेण्यासाठी १८३७ मध्येच रूळ टाकले गेले होते. जाता जाता, फाळक्यांच्या संदर्भात मला सर्वांत आवडणाऱ्या माहितीत "पहिला" शब्दाची गरजच पडत नाही: अण्णा साळुंके या नटाने "लंका दहन" या १९१७ च्या चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या.

तिसरा फसवा शब्द इतका साधा आहे की तो डोळ्यांना दिसतही नाही. तो म्हणजे "आहे". बांगलादेशात भारताचा एक तुकडा आहे, त्या तुकड्यात बांगलादेशाचा एक तुकडा आहे, आणि त्या तुकड्याच्या आत पुन्हा भारताचा एक तुकडा आहे, ही माहिती अजूनही लोक मोठ्या उत्साहाने सांगतात. कूचबिहारच्या सीमेवरील या सर्वांत आतल्या तुकड्याचे नाव दहला खागडाबाडी. त्याचे क्षेत्रफळ जेमतेम पावणेदोन एकर होते. होते, असे म्हणायचे कारण ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री दोन्ही देशांनी अशा छिटमहलांची, भारताच्या १११ आणि बांगलादेशाच्या ५१ तुकड्यांची, अदलाबदल केली आणि ती जागा बांगलादेशात विलीन झाली. लोणारच्या सरोवराचेही तसेच. त्याचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे सांगितले, आणि पुढे तो रंग ओसरला. परंतु "बुलढाणा जिल्ह्यात गुलाबी पाण्याचे सरोवर आहे" हा मजकूर मात्र फिरतच राहिला. याच लोणारचे वय अनेक ठिकाणी सुमारे ५२ हजार वर्षे दिलेले आढळते, तर नंतर आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून केलेल्या मोजणीत ते सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षे निघाले. म्हणून प्रत्येक माहितीपुढे ती केव्हाची आहे हे साल लिहून ठेवण्याची सवय लावावी. साल सापडत नसेल, तर ती माहिती वर्तमानकाळात सांगू नये.

आकड्यांची माहिती मात्र दुसऱ्या कुणाला विचारण्यापूर्वी स्वतः गुणाकार करून पाहावी. यासाठी शाळेतले गणित पुरते. "कागद ४२ वेळा दुमडला तर त्याची जाडी चंद्रापर्यंत पोहोचेल" हे वाक्य ऐकताना थाप वाटते. साध्या कागदाची जाडी एक दशांश मिलिमीटर धरावी. प्रत्येक घडीला जाडी दुप्पट होते, म्हणजे दहा घड्यांत ती साधारण हजारपट होते. हा "दहा घड्या म्हणजे हजारपट" आडाखा एकदा लक्षात ठेवला की पुढचा हिशोब तोंडी होतो: १० घड्यांना १० सेंटिमीटर, २० घड्यांना १०० मीटर, ३० घड्यांना १०० किलोमीटर, ४० घड्यांना एक लाख किलोमीटरहून थोडे अधिक. पुढच्या दोन घड्यांनी हे अंतर चौपट होऊन सुमारे ४ लाख ४० हजार किलोमीटर भरते, आणि चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. गणित चोख आहे. मेख "दुमडला तर" मधील "तर" मध्ये आहे. वर्तमानपत्राचे पान घेऊन प्रयत्न केल्यास सातव्या घडीच्या आसपास हात टेकावे लागतात, आणि २००२ मध्ये अमेरिकेतील एका शाळकरी मुलीने हजार मीटरहून अधिक लांबीची कागदी पट्टी घेऊन १२ घड्या घातल्या, त्याचेच केवढे कौतुक झाले. ही माहिती सांगताना समोरच्याच्या हातात खरोखर एक कागद द्यावा. मुले तर हमखास दुमडायला बसतात.

हाच हिशोब उलट दिशेनेही उपयोगी पडतो. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, हे वाक्य आमच्या पिढीने शाळेतच ऐकले. निरोगी डोळ्याला साडेतीन मीटर अंतरावरून साधारण एक मिलिमीटरपर्यंतचा तपशील वेगळा ओळखता येतो. याच प्रमाणात चंद्राच्या अंतरावरून दिसण्यासाठी वस्तू शंभर किलोमीटरहून रुंद असायला हवी, आणि भिंतीची रुंदी तर काही मीटरच आहे. शिवाय तिचा रंग भोवतालच्या माती-दगडाशी मिळताजुळता आहे. २००३ मध्ये चीनचेच अंतराळवीर यांग लिवेई पृथ्वीच्या कक्षेतून, म्हणजे चंद्रापेक्षा कितीतरी जवळून, परत आले आणि आपल्याला भिंत दिसली नाही असे त्यांनी सांगितले.

गणित चालत नाही तेथे हा दावा कोण करीत आहे हे पाहावे. मोठ्या संस्थेचे नाव जोडलेले असेल तर त्या संस्थेचे हे काम आहे का, असा साधा प्रश्न विचारावा. आपल्या राष्ट्रगीताला युनेस्कोने जगातील सर्वोत्कृष्ट ठरवल्याचा निरोप वर्षानुवर्षे येत असतो. युनेस्को राष्ट्रगीतांची अशी क्रमवारी लावतच नाही, एवढे कळले की पुढे काही तपासावे लागत नाही. "शास्त्रज्ञांचे म्हणणे आहे" अशा वाक्यात कोणते शास्त्रज्ञ, कोठले आणि केव्हाचे यांपैकी एकाचेही उत्तर नसेल, तर मी ते बाजूला ठेवतो. माणूस मेंदूचा केवळ दहा टक्के भाग वापरतो, हे वाक्य अशाच बिननावाच्या शास्त्रज्ञांच्या जिवावर जगले आहे. ते चूक आहे.

एक अडचण खास आपल्यासारख्या वाचकांची आहे. केळे ही बेरी आहे आणि स्ट्रॉबेरी ही बेरी नाही, ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने अगदी खरी माहिती मराठीत सांगितली की ऐकणारा नुसता पाहत राहतो, कारण ते आश्चर्य इंग्रजी नावात भरलेले आहे आणि आपल्या बोलण्यात "बेरी" हा शब्दच नाही. अशी माहिती सरळ सोडून द्यावी. त्याऐवजी आपल्या शब्दांत दडलेली माहिती शोधावी: पाव, चावी, पगार, बटाटा, काजू आणि अननस हे रोजचे शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आले, हे सांगायला कोणतेही स्पष्टीकरण लागत नाही.

आता पुन्हा खिचडीकडे वळतो, कारण अनेक गोष्टी एकत्र असलेल्या दाव्याची तपासणी कशी करावी हे तिच्यावरून चांगले दिसते. असा दावा एकदम तपासू नये. जिन्नस एकेक करून वेगळा काढावा. आपल्याकडचा साबुदाणा टॅपिओका या कंदापासून बनतो, तमिळनाडूतील सेलम हे त्याच्या कारखान्यांचे मोठे केंद्र आहे, आणि तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला आहे. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा अँडीज पर्वतातला. मिरचीही अमेरिका खंडातलीच, आणि पोर्तुगीज येण्यापूर्वी ती भारतात नव्हती. येथवर दावा भक्कम आहे. पुढे मात्र तो थांबतो: जिरे पश्चिम आशिया आणि भूमध्य समुद्राच्या बाजूचे आहे, आणि साजूक तूप तर आपले घरचेच. ही सर्व पिके एकाच वेळी किंवा एकाच जहाजातून आली असेही समजू नये. त्यांचे मार्ग आणि काळ वेगवेगळे आहेत. तेव्हा वाक्य असे होते: "खिचडीतील साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची, या चौघांचेही मूळ अमेरिका खंडात आहे." यातील मेख "मूळ" या शब्दात आहे, आणि तो शब्द टिकतो. त्यावरून निघणारी एक गोष्ट मला मूळ माहितीहूनही अधिक भावते: तेराव्या शतकात ज्ञानेश्वरांच्या काळी आळंदीत एकादशी होती, परंतु ही खिचडी असणे शक्य नव्हते.

सांगण्याविषयी थोडेच सांगायचे आहे. वाक्य एकच असावे आणि ते आधी सांगावे; कारण विचारले गेल्यावर द्यावे. आकडे गोल करावेत, कारण २२४.७ दिवस म्हटल्याने कुणी अधिक थक्क होत नाही. वस्तू समोर असताना सांगितलेली गोष्ट राहते, म्हणून खिचडीची गोष्ट खिचडी ताटात आल्यावरच काढावी. "तुम्हाला माहीत आहे का" अशी सुरुवात टाळावी. वडीलधाऱ्यांसमोर तर ती परीक्षा घेतल्यासारखी वाटते. आणि ज्या प्रश्नावर आपण एकदा अडकलो होतो, त्याचे उत्तर पुढच्या वेळी खिशात ठेवावे. यंदा मी दुरुस्त केलेले वाक्य आत्यासमोर सांगितले, तेव्हा तिने भगरीची वाटी माझ्याकडे सरकवली आणि काही न बोलता पाहत राहिली. मी सांगितले की, वरी फार पूर्वीपासून याच भूमीत पिकत आली आहे. राजगिरा मात्र पुन्हा अमेरिकेतला निघतो, हे मी लाडू येईपर्यंत राखून ठेवले.