वजन उतरायचं थांबलंय? काटा अडकल्यावर या चुका टाळा

नाशिकमधल्या कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी चालताना दर महिन्याला कुणाच्या तरी तोंडून हे ऐकू येतं : "पहिल्या महिन्यात चार किलो उतरलं हो, आता तीन आठवडे काटा हलतच नाही." पुढच्या पंधरवड्यात ती व्यक्ती ट्रॅकवर दिसेनाशी होते. मला याचं फार वाईट वाटतं. बहुतेकदा तोपर्यंत तिचं काही चुकलेलंच नसतं. चुकतं ते काटा अडकल्यावर.

पहिल्या महिन्याशी तुलना

सुरुवातीचे चार किलो म्हणजे सगळी चरबी नव्हे. खाणं कमी केलं की शरीर आधी स्नायूंत आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, वापरतं. त्याच्या एका ग्रॅमबरोबर साधारण 3 ग्रॅम पाणी असतं, तेही निघून जातं. म्हणून काटा भराभर खाली येतो. चरबीची चाल मुळातच संथ. आठवड्याला अर्धा किलो उतरत असेल तर उत्तम चाललंय असं समजा. शिवाय 80 किलोचं शरीर 75 वर आलं की त्याला रोजचं इंधनही कमी लागतं, त्यामुळे वेग आणखी मंदावतो.

रोज सकाळी काट्यावर निकाल

रविवारी मिसळ झाली, वर पापड, दही, जिलबी. सोमवारी काटा एक किलो वर. लगेच "सगळं पाण्यात गेलं" म्हणून हातपाय गाळू नका. एक किलो चरबी वाढायला गरजेपेक्षा सुमारे 7,700 कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. एका मिसळीत त्या नसतात. मिठामुळे शरीरात पाणी धरून राहतं आणि दोन-तीन दिवसांत उतरतं. पाळीच्या आधीही बायकांना हाच अनुभव येतो. वजन करायचंच असेल तर सकाळी चहाच्या आधी करा, वहीत लिहा आणि आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याशी ताडून बघा.

पोटाला आणखी चिमटा

ही सगळ्यात नुकसान करणारी चूक. काटा अडकला की रात्रीचं जेवण बंद, सोमवार-गुरुवार उपास, आणि उपासाला साबुदाण्याची खिचडी, म्हणजे स्टार्च, तूप आणि दाण्याचं कूट. 1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. त्यांची हालचाल मंदावली, चिडचिड वाढली आणि डोक्यात दिवसभर जेवणाचेच विचार घोळू लागले. ती धडधाकट, ठरवून आलेली माणसं होती. तेव्हा संध्याकाळी फरसाणाच्या डब्याकडे हात गेला तर स्वतःला "मनाने कमकुवत" म्हणू नका. दुपारी पोटभर जेवा. मोडाची मटकी, डाळ, दही, अंडी यातलं काहीतरी ताटात रोज हवं. प्रथिनांनी पोट भरलेलं राहतं आणि स्नायूही झिजत नाहीत.

हात सैल सुटणं

हे माझ्याच घरात झालं. पाच आठवडे मी 74 किलोवर अडकले होते. मी शपथेवर सांगितलं असतं की भाजीला एकच पळी तेल घालते. एका रविवारी खोकल्याच्या औषधाचं मापाचं टोपण घेऊन ओट्यापाशी उभी राहिले आणि पळीतलं तेल त्यात ओतून मोजलं. 20 मिली, म्हणजे 160 च्या वर कॅलरी. त्यातही पळी कधी काठोकाठ, कधी वर थोडी धार. सुरुवातीला चमचा वापरत होते, तो कधी मागे पडला कळलंच नाही. असं जवळपास प्रत्येकाचं होतं : भाकरी जरा मोठी होते, शेंगदाणे मुठीने मोजले जातात, सकाळी चालून आल्यावर दिवसभर लिफ्ट आणि सोफा. म्हणून काटा अडकला की आधी आठवडाभर सगळं पुन्हा मोजा. कमी काय करायचं ते नंतर ठरवा.

चालण्याचंही तेच. सहा महिने तोच ट्रॅक, तेवढ्याच फेऱ्या, तोच वेग, याची शरीराला सवय होते. आठवड्यातून दोनदा उठाबशा, भिंतीला टेकून दंड किंवा डंबेल्स यांना वेळ द्या.

एकट्या काट्यावर विसंबणं

उमेद टिकवायची तर मोजमापं दोन-तीन हवीत. शिवणकामाची टेप घ्या, बेंबीच्या रेषेत कंबर मोजा. भारतीय बायकांसाठी 80 आणि पुरुषांसाठी 90 सेंटिमीटरच्या पुढची कंबर धोक्याची मानतात. माझा काटा 74 वर होता त्याच पाच आठवड्यांत कंबर 3 सेंटिमीटर कमी झाली होती. वहीत लिहिलं नसतं तर कळलंही नसतं. मूळ वजनाच्या 5 टक्के उतरून तेवढं जरी टिकलं, तरी साखर आणि रक्तदाबाला फायदा होतो. हे रिपोर्टमध्ये दिसतं, आरशात दिसेलच असं नाही. घरचे "काही फरक वाटत नाही गं" म्हणतात तेव्हा हे आठवा.

महिनाभर नीट मोजूनही काटा आणि टेप दोन्ही जागचे हलले नाहीत, थकवा आहे, पाळी अनियमित आहे किंवा एखादं औषध नव्याने सुरू झालंय, तर डॉक्टरांना भेटा. थायरॉइड तपासायला एक साधी रक्ताची चाचणी पुरते. चालू औषध मात्र मनाने बंद करू नका.

आणि एक खूण स्वतःपुरती ठरवा. माझी पांडवलेणीच्या पायऱ्यांवर आहे. श्रावणात मी वर जाईपर्यंत दोनदा टेकत होते. दिवाळीच्या आधी, वजन 74 वरच असताना, न थांबता वर पोचले आणि लेण्यांसमोर उभी राहून खालचं नाशिक बघितलं.